लोअर स्वॉनबरीची वहिवाट

लोअर स्वॉनबरी, इंग्लंड.
गौरी विसर्जनानंतरचा रविवार.

चिरंजीव दादासो यास, विलायतेत येऊनही थोरलीच राहिलेल्या आक्काचा आशीर्वाद.

मी खुशाल आहे. तू कसा आहेस ते खरं कळव. तुझ्या रक्तातली साखर किती निघाली हे मी बनुबाईला वेगळं विचारणार आहे, तेव्हा बायकोला पढवून ठेवण्यात वेळ घालवू नकोस. तिच्या गुडघ्याला रोज तेल लागलं पाहिजे, आणि ते लावून देणारा धडधाकट माणूस घरात बसून आहे हे तिला माझ्या वतीनं सांग. आमच्या सुभेदारांना शिराळ्याला फोन करून जेवलात का एवढं विचारत जा. त्यांनीही इकडे यावं म्हणून पोरीनं फार विनवलं, पण 'थंडी मी सियाचीनला फुकट खाल्ली, आता तिकीट काढून खाणार नाही' असं म्हणून ते म्हशीजवळ राहिले. आता फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तू फोन स्पीकरवर टाकतोस, दादासो. मागे मी तुला जावयाच्या सुटलेल्या पोटाबद्दल दोन शब्द सांगितले, ते दुसऱ्या दिवशी पलूसच्या बाजारातून फिरून इंग्लंडात जावयाच्याच कानावर आले. म्हणून हे पत्र. एकट्यानं वाच, आणि शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर 'कळलं, कळलं' म्हणून ठेवून देण्याची तुला लहानपणापासूनची खोड आहे.

शिवांजलीच्या घराचं काय झालं, हे तुला आधी सांगते. ती आणि वीरधवलराव ज्या घरात भाड्यानं राहतात ते विकायला निघालं आहे. पोरगी इथल्या गाई-मेंढरांची डॉक्टर, सगळं शिवार तिला ओळखतं, आणि तिचा त्या घरावर असा जीव जडला आहे की परसातल्या सफरचंदाच्या झाडाशी ती मराठीत बोलते. मालकीणबाईंचं नाव मार्जरी. ऐंशी ओलांडलेली, लग्न न केलेली, याच घरात जन्मलेली बाई. आता ती गावाच्या दुसऱ्या टोकाला लहान घरात राहते. घराला गिऱ्हाइकं दोन, एक आपली पोरं आणि दुसरं लंडनचं जोडपं. किमतीत दोघंही सारखेच, म्हणजे म्हातारी कुणाला पसंत करते यावर सगळं आलं. मला इथे बोलावण्यात मायेचा भाग होताच, पण आपल्या मागे घरंदाज माणसं आहेत हे मालकिणीला दिसावं, असाही पोरीचा हिशेब होता. (मला हे विमानात बसल्यावर कळलं. तिथून उतरता येत नाही.) तर घर मिळाल्यात जमा आहे. एक किरकोळ बाब राहिली आहे, ती शेवटी लिहिते.

गावाचं वर्णन थोडक्यात करते. आपल्याकडे जसं बुद्रुक आणि खुर्द, तसं इथे लोअर आणि अपर. अपर स्वॉनबरी खाली ओढ्याकाठी आहे आणि लोअर स्वॉनबरी टेकडीवर. का, हे मी चौघांना विचारलं, चौघांनीही हवेबद्दल उत्तर दिलं. एक चर्च, एक दुकान आणि एक दारूचा गुत्ता, पण गुत्त्यात बायका, म्हातारे आणि कुत्री एकत्र बसून वाटाणे खातात, त्यामुळे त्याला गुत्ता म्हणवत नाही. गावात माणूस दिसत नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं कुणीतरी गेलं असावं आणि सगळे तिकडे गेले असावेत. रानातही माणूस नाही. एवढी मोठी शेती, पण भांगलायला एक बाई नाही, बांधावर एक भाकरीचं फडकं नाही. बांध मात्र बघण्यासारखे आहेत. पुरुषभर उंच, काटेरी झुडपांचे, मध्ये मध्ये मोठी झाडं. मी दोन्ही बाजूंनी हिंडून पाहिलं, दादासो, कुणीही कुणाचा बांध नांगरानं कोरलेला नाही. मला आधी कौतुक वाटलं आणि मग संशय आला. भावकी असलेल्या गावात हे शक्य नाही. मी पोरीला म्हटलं, भांडण कुठेतरी असणार, आपल्याला अजून दिसलेलं नाही एवढंच.

ते मागच्या शनिवारी दिसलं. वीरधवलराव क्रिकेट खेळायला गेले होते (पोट असूनही यष्टिरक्षक आहेत, चेंडू मागे जायला जागाच राहत नाही) आणि शिवांजली एका अडलेल्या गाईकडे. चांगलं ऊन पडलं होतं म्हणून मी न्हाऊन, केस मोकळे सोडून परसात खुर्ची टाकून बसले. एवढ्यात फाटक वाजलं. एक उंच गृहस्थ हातात काठी, मागे कुत्रं, असे सरळ आत आले, माझ्या आणि धुण्याच्या दोरीच्या मधून गेले, 'मॉर्निंग' म्हणाले आणि पलीकडच्या फाटकातून बाहेर पडले. मी केस बांधेपर्यंत दुसरे आले. मग दोघी बायका. त्यातल्या एकीनं माझ्या पातळाची तारीफ केली, थांबायचं मात्र नाव नाही. कुणाच्या परसातून जाताना माणूस निदान बिचकतो तरी. हे लोक गावच्या रस्त्यानं जावं तसे जात होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वहिवाट!

वहिवाट काय असते हे कुंडलच्या माणसाला मी सांगायला नको. पहिल्यांदा गेला तो पाहुणा, रोज जायला लागला तो शेजारी, आणि वीस वर्षं गेला की वाट त्याची. शिराळ्याला आमच्या रानाची वाट अडवली तेव्हा सुभेदार सीमेवर होते आणि मामलेदार कोर्टाच्या पायऱ्या मी चढत होते. निकाल माझ्या बाजूनं लागला तो उगाच नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंचे डावपेच मला पाठ आहेत. (तुझ्या आणि शेजारच्या रानातल्या आकारामच्या प्रकरणातसुद्धा चूक कुणाची हे मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. तू त्याच्या गाडीवाटेवर आडसाली ऊस लावलास आणि वर मला म्हणालास, 'ती वाट न्हवं आक्का, ती त्याची सवय हाय.' आणि तो बिचारा माझ्यापुढे येऊन रडकुंडीला आलेला, 'आवं आक्का, म्या माझा ऊस काय डोक्याव बसवून कारखान्यावर न्यायचा व्हय?' असो. तो विषय मी इथे काढणार नव्हते.) मला एवढंच दिसलं की पोरीचं घर अजून तिच्या नावावर झालेलं नाही आणि लोकांनी त्यात वाट पाडायला सुरुवात केली आहे. उद्या खरेदी होईल तेव्हा घर आपलं आणि परसू गावाचं.

वाट अडवायची तर काटा पाहिजे. या देशानं पुष्कळ प्रगती केली आहे, पण बाभूळ नाही. शेवटी शेजाऱ्यांनी छाटून टाकलेल्या गुलाबाच्या फांद्या ओढत आणल्या, एका फाटकात रचल्या, दुसऱ्या फाटकाला एकचाकी हातगाडी उलटी लावली, जावयाची क्रिकेटची जुनी पॅडं त्यात खोचली आणि मध्ये खुर्ची टाकून मी शेंगा निवडत बसले. पुठ्ठ्यावर पाटीही लिहिली. इंग्रजी बी.ए.ला होतं, व्याकरणाची चूक नाही. मजकूर असा, की ही वाट नसून एका सभ्य कुटुंबाचं परसू आहे, आणि ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी कागद घेऊन यावं.

दुपारी आठ-दहा जण एकदम आले. सगळे माझ्या वयाचे किंवा पुढचे, पायात जाड बूट, पाठीला पिशव्या, गळ्यात नकाशे लटकवलेले. सगळ्यांच्या पुढे काटकुळी, पांढऱ्या केसांची एक बाई. त्यांनी काटे पाहिले, पाटी वाचली आणि काय केलं असेल? ओळीनं उभे राहिले! एकामागे एक! मी शिव्यांची वाट पाहत होते. समोरून शिवी आली की आपलं तोंड सुटतं, तोंड सुटलं की मुद्दा सुचतो, ही आपली पद्धत. इथे समोरचा पक्ष 'सॉरी' म्हणत उभा. भांडायचं कुणाशी? मी म्हटलं, सातबारा दाखवा. त्या बाईनं नकाशा उघडला आणि आमच्या परसातून गेलेली हिरव्या तुटक रेघांची एक ओळ दाखवली. मी म्हटलं, रेघ कुणीही मारतो, चतुःसीमा सांगा. ती म्हणाली, ही वाट माझ्या पणजीच्याही आधीपासून आहे. मी म्हटलं, असं प्रत्येक जण म्हणतो, साक्षीदार आणा. (ओळीतल्या मागच्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला. त्याला मी खाली करायला लावला.) पाऊण तास असा गेला. शेवटी ती बाई अगदी हळू आवाजात म्हणाली, की मला फार वाईट वाटतं, पण मला कौन्सिलला कळवावं लागेल. मग सगळे आले तसे ओळीनं परत गेले. इथे 'मला फार वाईट वाटतं' हे आईबहिणीवरून दिलेल्या शिवीच्या बरोबरीचं आहे, हे मला नंतर समजलं. त्या वेळी मी जिंकले असंच समजून दुसरी टोपली भरून शेंगा निवडल्या.

शिवांजली आली, तिनं फाटक पाहिलं आणि हातातली पिशवी खाली टाकली. ती वाट सरकारी निघाली, दादासो. इथे शेतांतून, परसांतून, कुणाच्या खिडकीखालून अशा चालत्या माणसाच्या वाटा शेकडो वर्षांच्या आहेत, त्या नकाशात आहेत, आणि मालकालाही त्या अडवता येत नाहीत. ट्रॅक्टर नाही, मोटार नाही, फक्त पायी. आणि ती काटकुळी बाई म्हणजे मार्जरी! बहिणीकडे समुद्रकाठी गेली होती ती आदल्या दिवशीच परतली होती. पोरीनं मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी तिनं मला विमानतळावरच सांगायला हवी होती. लंडनच्या जोडप्याला ती वाट परसातून हलवून घ्यायची आहे, आणि मार्जरीला ती हलू द्यायची नाही. तिच्या पसंतीचं कारण एवढंच. 'आई, आपल्याकडे सांगण्यासारखं ते एकच होतं,' असं म्हणून पोरगी पायरीवर बसली आणि लहानपणी पाटी फुटली तेव्हा रडली होती तशी रडायला लागली. वीरधवलरावांनी हातगाडीतून आपली पॅडं सोडवून घेतली आणि ते काटे उपसायला लागले. जावई गुणी आहे. पोटाबद्दल मी पुन्हा लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी मार्जरीकडे निघाले, आणि मुद्दाम त्याच वाटेनं. (कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात, त्या मी पातळ खोचून चढले. एका ठिकाणी जनावर अडेल आणि माणूस निसटेल असं झुलतं फाटक आहे. कल्पना फार उत्तम आहे, पण त्याच्या इंग्रजी नावात मुका येतो, ते मी लिहिणार नाही, पत्र तुझ्या सूनबाईच्या हाती पडू शकतं.) तिनं दार उघडलं. मी म्हटलं, काटे काढले आहेत. ती म्हणाली, चहा घेणार का. यापेक्षा जास्त माफी तिनं मागितली नाही आणि मी दिली नाही. चुकतेय का मी? उलट म्हण हवं तर. चहा घेताना ती म्हणाली, तुम्ही उघड उघड खुर्ची टाकून बसलात याचं मला कौतुक वाटलं. इथे कुणी असं अडवत नाही, इथे नुसता मका लावतात. मी कप खाली ठेवला. कोण लावतं मका?

तर भांडण होतं, दादासो! मी म्हटलं नव्हतं? याच वाटेच्या पुढच्या टोकाला रॉजर नावाचा एक मोठा शेतकरी आहे. त्यानं दोन वर्षं झाली वाट नांगरून तिच्यावर जनावरांसाठी मका केला. कायद्यानं त्यानं वाट मोकळी ठेवायची, पण दर वेळी तो म्हणतो, पुढच्या आठवड्यात. ही म्हातारी माणसं वळसा घालून मोटारीच्या रस्त्यानं जातात आणि मार्जरी कौन्सिलला पत्रं पाठवते. दर पत्राला उत्तर येतं की आपलं पत्र मिळालं. मी विचारलं, पंचनामा केला का? तिला पंचनामा माहीत नव्हता. साहेबानं आपल्या देशावर इतकी वर्षं राज्य केलं आणि इथे पंचनामा माहीत नाही! मी तिला सांगितलं की मोक्यावर उभं राहायचं, दिसेल ते लिहायचं आणि हजर असलेल्यांच्या सह्या घ्यायच्या. सोमवारी आम्ही सगळे गेलो. मका डोक्याच्या वर. मी नकाशा धरून, पदर बांधून शिरले, आणि माझ्यामागून ते सगळे, एका ओळीतच. असा आनंद त्यांच्या तोंडावर मी त्यांच्या सणाच्या फोटोंतही पाहिला नाही.

रॉजर ट्रॅक्टरवरून उतरला. तांबडा चेहरा, ढेरी, टोपी मागे सारलेली. हसून म्हणाला, बायांनो, ती खरी म्हणजे वाट नव्हेच, लोकांना सवय लागली आहे एवढंच. दादासो, माझ्या अंगावर शहारा आला. अडीच हजार कोसांवर, दुसऱ्या भाषेत, तोच मनुष्य! मग मला सगळं सोपं झालं. अशा माणसाला कायदा सांगायचा नसतो, कौन्सिल तर नाहीच. मी त्याला विचारलं, मालकीण कुठे आहेत? त्याचं हसू कमी झालं. मालकीण स्वयंपाकघरात सापडल्या. वाट बंद झाल्यापासून जो तो वळसा घालताना रस्त्याकाठच्या त्यांच्या फुलांच्या वाफ्यातून जातो, हे दुःख त्या दोन वर्षं मनात धरून होत्या आणि नवरा त्यांनाही 'पुढच्या आठवड्यात'च म्हणत होता. पंचनाम्यावर पहिली सही त्यांची झाली. संध्याकाळच्या आत मक्यातून दोन माणसं शेजारी शेजारी जातील एवढा पट्टा कापून निघाला. रॉजरनं स्वतः कापला. मालकीण दारात उभ्या होत्या. शिवांजली त्याच्या गाईंची डॉक्टर असल्यामुळे दिवसभर तोंड लपवून होती, पण तो तिलाही काही बोलला नाही. या जातीची माणसं मनानं वाईट नसतात, हे मी तुझ्यावरून सांगू शकते.

मार्जरी त्या रात्री आमच्याकडे जेवली. पिठलं-भाकरी दोनदा घेतली आणि पसंतीचं बोलली. लंडनवाल्यांना तिनं परस्पर नकार कळवला आहे. पोरगी पुन्हा झाडाशी बोलायला लागली आहे.

सगळ्यांना विचारल्याचं सांग. बनुबाईचा गुडघा विसरू नकोस.

तुझी,
संयोगिताआक्का

ता.क. ती किरकोळ बाब राहिली. मार्जरी माणूस पारखून घेणारी बाई आहे. आपण जसं मुलगी देण्याआधी स्थळ बघून येतो, तसं तिचं म्हणणं, की ज्या पोरीला मी माझं जन्मघर देणार तिच्या आईचं जन्मघर मी एकदा डोळ्यांनी बघेन. मला हे रीतीला धरून वाटलं. संक्रांतीनंतर ती आणि तिच्याबरोबरचे सहा जण कुंडलला येत आहेत. आठ दिवस मुक्काम तुझ्याकडे. घराचे कागद ती परत आल्यावर करणार.

ता.क. दुसरा. त्यांना देवळं, धरण, बाजार काही दाखवू नये असं त्यांनी कळवलं आहे. त्यांना आपल्या वाटा चालायच्या आहेत. जेवताना तिनं मला विचारलं की तुमच्या माहेरी वाटांची काय परिस्थिती आहे, आणि मी सांगितलं की आमच्या माहेरच्या रानातून जाणारी वाट आमच्या माणसांनी कधी अडवलेली नाही. हे सगळ्यांनी ऐकलं. पोरीनंही ऐकलं, आणि तिला घास लागला. मी खोटं बोलत नाही हे तुला ठाऊक आहे. मी फक्त थोडं आधी बोलले. संक्रांतीपर्यंत ते खरं करायचं काम तुझं. आकारामच्या वाटेवरच्या तेवढ्या सऱ्या उपटून टाक, आणि गाडी जाईल एवढी रुंदी ठेव. पायवाट चालणार नाही, ते इंग्लंडात.

ता.क. तिसरा. पाहुणे गेल्यावर पुन्हा लावण करता येईल, हा विचार एव्हाना तुझ्या मनात येऊन गेला असेल. मार्जरी वाट चालली की तिचा नकाशा काढते आणि दर वर्षी तपासायला येते. शिवाय आजच्याच टपालानं आकारामला वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात मी भांडणाचं अक्षर लिहिलेलं नाही. एवढंच लिहिलं आहे की पाहुण्यांना बैलगाडीत बसायची फार हौस आहे, तेव्हा त्यानं गाडी सजवून त्यांना हमरस्त्यावरून उतरवून घ्यावं आणि आपल्या दारावरून तुझ्या दारापर्यंत आणावं. कोणत्या वाटेनं, ते तुला विचारायला तो येईलच. बनुबाई त्या वेळी घरात असेल अशी मी व्यवस्था केली आहे.